ते कंस काढ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुझी मावसबहीण येऊन गेली. तिनेच माझ्या मोबाइलवर तुझी गोष्ट उघडून दिली. टोपणनावामागे कोण आहे ते ओळखायला मला दोन परिच्छेद पुरले. नायिकेची आई चहात आलं किसत नाही, ठेचते, आणि किसणाऱ्यांना नावं ठेवते. अशी बाई जगात एकच आहे.

एकोणीस भाग रात्री दोनपर्यंत बसून वाचले. रागावलेली नाही. नाव का लपवलंस तेही कळतं. तासिका तत्त्वावरचं हे पाचवं वर्ष, आणि मुलाखतीत कुणी ‘प्रेमकथावाले सर’ म्हणून हसलं तर? ‘काही होत नाही रे’ असं मी म्हणणार नाही, कारण होतं. एरिक सीगलचं झालं.

त्याची ‘लव्ह स्टोरी’ मी १९७९ साली हॉस्टेलवर वाचली. अप्पा बळवंत चौकातली जुनी प्रत, शेवटची चार पानं गायब. पण पंचवीस वर्षांची ती मुलगी मेली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं, त्यामुळे काही अडलं नाही. रडायचं ते रडून झालं होतं.

ग्रंथपाल झाल्यावर त्या पुस्तकाची जन्मकथा कळली. सीगल येल विद्यापीठात ग्रीक-लॅटिन साहित्य शिकवायचा. प्लॉटस या रोमन नाटककाराच्या विनोदावर त्याचा ग्रंथ १९६८ साली आला, आणि त्याच वर्षी बीटल्सच्या ‘यलो सबमरीन’ या कार्टूनपटाच्या पटकथेतही त्याचा हात होता. म्हणजे दोन्ही डगरींवर पाय आधीपासूनच. ‘लव्ह स्टोरी’ही मुळात पटकथाच. बऱ्याच स्टुडिओंनी ती परत पाठवली. शेवटी पॅरामाउंटने घेतली, आणि सिनेमा येण्याआधी हवा व्हावी म्हणून याचीच कादंबरी लिही असं त्याला सांगितलं. कादंबरी म्हणजे सिनेमाची लग्नपत्रिकाच म्हण ना. वाचताना वाटतंच की सगळा कारभार संवादांवर चाललाय.

आपल्याकडे कादंबरी आधी दिवाळी अंकात येते, तशी ती ‘लेडीज होम जर्नल’ या बायकांच्या मासिकात आली. मग १४ फेब्रुवारी १९७० ला हार्पर अँड रोने पुस्तक काढलं. मुहूर्त बघ कसा साधला! त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलेली कादंबरी तीच. डिसेंबरात सिनेमा आला. (नायक ऑलिव्हरचा स्वभाव सीगलने हार्वर्डमधल्या दोन मुलांवरून घेतला होता. एका खोलीत राहणारे अल गोर, जो पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला, आणि पुढे नट झालेला टॉमी ली जोन्स. त्यातल्या जोन्सचं पडद्यावरचं पहिलं काम याच सिनेमात.)

मग दणका बसला. १९७१ च्या नॅशनल बुक अवॉर्ड या अमेरिकेतल्या मानाच्या साहित्य पुरस्काराच्या यादीत ही कादंबरी आली, तेव्हा कादंबरीचे परीक्षक म्हणाले, हिला काढा, नाहीतर आम्ही राजीनामे देतो. त्यांतला एक, कादंबरीकार विल्यम स्टायरन, याच्या मते ते साहित्यच नव्हतं. नाव काढलं. बक्षीस सॉल बेलो या कादंबरीकाराला गेलं. पुढच्या वर्षी येलने सीगलला परमनंट केलं नाही. टीव्हीवर तो मिरवलाही फार, हे खरं. पण खपाचे आकडे बघून कुणाच्याच पोटात दुखलं नसेल, हे मला कुणी पटवू नये.

स्टायरनचं सगळंच चुकलं असंही नाही. पुस्तक तसं पातळच. त्यातलं ते गाजलेलं वाक्य, प्रेमात म्हणे सॉरी म्हणावं लागत नाही! तुझ्या बाबांशी चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे कसं पटावं? पण आमच्या ग्रंथालयात त्या पुस्तकाचं बाइंडिंग तीनदा करावं लागलं, आणि बेलोच्या कादंबरीच्या कार्डावर माझ्या निवृत्तीपर्यंत दोन शिक्के होते.

आणि सीगलमधला विद्वान काही संपला नाही. पुढे तो ऑक्सफर्डला गेला. २००१ साली त्याचा ‘द डेथ ऑफ कॉमेडी’ हा जाडजूड ग्रंथ हार्वर्डने छापला. त्यानंतर नऊ वर्षांनी, बहात्तराव्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला.

आता तुझ्याबद्दल. अकराव्या भागात ती एसटी स्टँडवर गाडी सोडून देते आणि नुसती बसून राहते. माझे डोळे भरले होते. आणि तू लगेच कंसात लिहितोस, ‘हे जरा फिल्मी झालं, कबूल.’ का रे? कुणाला सांगतोयस हे? एकोणीस भागांत असे सव्वीस कंस मोजले मी. सीगलने ऑलिव्हरला हवा तेवढा खवचट केला, पण रडण्याच्या जागी तो वाचकाकडे बघून डोळा मारत नाही. नाव लाव की लावू नकोस, ते तुझं तू ठरव. नोकरी तुझी आहे. ते कंस तेवढे काढ.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. विसावा भाग कधी टाकतोस? आणि स्टँडवरून तिने फोन कुणाला लावला होता, ते मला आधी कळव. मी कुणाला सांगणार नाही.

तुझी,
आई

ता. क. आल्याचं आहे तसंच राहू दे.