अप्पा, चेल्सीचा हिशेब बागेसारखा करा

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, त्या रशियन अब्रामोविचने लंडनचा चेल्सी फुटबॉल क्लब १४ कोटी पौंडाला घेतला आणि २५० कोटीला विकला, लॉटरीच लागली गड्याला, आणि नेमका तेव्हाच फोन कट झाला, मग मी रात्रभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडत बसलो, तर आता लिहूनच काढतो.

पिंपळगावची द्राक्षाची बाग विकली तेव्हा मामा गावभर सांगत फिरत होता, अप्पा मालामाल झाले म्हणून. तुम्ही त्याला ओट्यावर बसवलं आणि अँगल, तार, ड्रिप, दोन फेल गेलेल्या बोअर, डावणी रोगाची औषधं, छाटणीची मजुरी सगळं एकेक करून मोजायला लावलं, चहा गार होऊन साय आली तरी सोडलं नव्हतं. आता तेच चेल्सीला करा ना!

अब्रामोविचने २००३ ला क्लब घेतला आणि मग जवळपास १५० कोटी पौंड बिनव्याजी कर्ज म्हणून क्लबमधे ओतले, खेळाडू, पगार, सगळं त्यातनंच. म्हणजे १४ आणि १५०, झाले १६४. विकला २५० ला. उरले ८६, ते पण १९ वर्षांनी, महागाई धरलीच नाही. आणि ते तरी कुठे मिळाले? युक्रेनचं युद्ध, निर्बंध, २०२२ ला ब्रिटिश सरकारने विक्रीला परवानगी दिली ती याच अटीवर की त्याला एक पैसा मिळणार नाही. कर्ज त्याने सोडून दिलं आणि विक्रीचे पैसे गोठवलेल्या खात्यात.

उलट मँचेस्टर युनायटेड क्लबचे मालक ग्लेझर बघा. २००५ ला ७९ कोटीला क्लब घेतला, त्यातलं बरंचसं कर्ज, आणि ते चढवलं क्लबच्याच डोक्यावर, व्याज क्लबच भरतोय. याला म्हणतात धंदा. इकडची, इंग्लंडमधली माणसं त्यांना काय शिव्या घालतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आणि आपले पुण्याचे कोंबडीवाले वेंकीज! त्यांचा क्लब ब्लॅकबर्नचा, माझ्यापासून तासाभरावर. हा क्लब १९९५ ला चक्क इंग्लंडची सगळ्यात वरची लीग जिंकलेला. यांनी २०१० ला साधारण २.३ कोटी पौंडाला घेतला, २०१२ ला खालच्या लीगमधे उतरला तो अजून वरच्या लीगमधे आलेला नाही. खाली उतरला त्या मॅचला मालकांच्या निषेधात कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडलेली. खालच्या लीगमधे बऱ्याच क्लबांचे पगार जातात कमाईच्या वर, टीव्हीचा मोठा पैसा सगळा वरच्या लीगला, म्हणून मालकाने दरवर्षी खड्डा भरायचा, पुढच्या वर्षी वर जाऊ या आशेवर. आपल्याकडे द्राक्षाचा भाव पडला की म्हणतात ना, पुढच्या सीझनला निघेल.

ऑगस्टमधे मी तिथे मॅचला गेलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, पुण्याचा का? म्हटलं नाही हो, नाशिकचा, दोनशे किलोमीटर लांब. त्याला एवढं बरं वाटलं की हातातला अर्धा ‘पाय’ (pie) काढून दिला, म्हणजे इकडची सारण भरून भाजलेली करंजीच समजा. मटणाचा होता, श्रावण चालू होता, आईला सांगू नका.

बाकी ठीक. तुमची ती लाल वही सापडली का बघा, बागेच्या खर्चाची, बोअरचा आकडा नक्की किती होता ते मला कळवा.

तुमचा,
बंटी