वर्ष संपत आलं म्हणून गाडी घेऊ नकोस

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहायला बसले. आर्थिक वर्ष संपायला आलंय, यंदा नफा बरा झालाय आणि कोणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय की व्यवसायाच्या नावावर गाडी घे, कर वाचेल. बाबांनी तर रंगही पसंत करून ठेवलाय. रंगाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

समज, तुझ्या नफ्याच्या वरच्या भागावर 30 टक्के कर लागतो. तू 100 खर्च केलेस की करपात्र नफा 100 ने कमी होतो आणि कर 30 ने. खिशातून मात्र 100 गेले. वस्तू धंद्याला हवीच होती, तर ती तुला 70 ला पडली, उत्तम. नको होती, तर 30 वाचवायला 100 घालवलेस. इतकी वर्षं लोकांच्या वह्या लिहिल्या, पण वर्षअखेर आली की भल्याभल्यांना ही वजाबाकी सुचत नाही.

त्यात गाडी म्हणजे टिकाऊ वस्तू. अशा वस्तूची पूर्ण किंमत सहसा एका वर्षात वजा होत नाही, घसारा (वापराने दरवर्षी घटत जाणारी किंमत) धरून काही वर्षांत थोडी थोडी होते. काही ठिकाणी लहान व्यवसायांना पहिल्याच वर्षी मोठी वजावट घ्यायची सवलत असते, पण तेव्हा पुढच्या वर्षांची वजावट आपण आजच खाऊन टाकतो. कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. ढकलण्यातही फायदा आहे, कारण पैसा तेवढे दिवस आपल्या हातात फिरतो. पण पुढच्या वर्षी तुझा नफा वाढून दर वरचा लागणार असेल, तर तीच वजावट राखून ठेवलेली बरी. आणि गाडी घरच्या कामालाही फिरणारच. तेवढा हिस्सा वजा होत नाही, हे बाबांना तूच सांग.

कर वाचवायच्या नादात माणूस काय करतो बघ. इंग्लंडमध्ये 1696 साली खिडक्यांवर कर बसवला होता. घराला खिडक्या जास्त तर मालक श्रीमंत, असा सरळ हिशेब. 1747 नंतरचा नियम असा होता की दहा ते चौदा खिडक्या असल्या तर प्रत्येक खिडकीमागे सहा पेन्स. म्हणजे दहावी खिडकी बसवली की कर एकट्या दहावीवर नाही, दहाच्या दहा खिडक्यांवर. मग लोकांनी काय केलं? विटा लावून खिडक्या बुजवल्या आणि अंधारात राहिले. आजारपणं वाढतात म्हणून डॉक्टर ओरडत राहिले, तरी तो कर उठायला 1851 उजाडलं. कर वाचला, उजेड गेला. धंद्यातही अशा खिडक्या बुजवणारे मी पुष्कळ पाहिलेत. एकाने कर नको म्हणून वर्षानुवर्षं नफा कमी दाखवला, आणि जागा घ्यायला कर्ज मागायला गेला तेव्हा बँकेने त्याचीच विवरणपत्रं त्याच्यापुढे ठेवली.

तू परवा म्हणालीस, ‘आता नवीन काम घेतलं तर वरच्या टप्प्यात जाईन, त्यापेक्षा नकोच.’ इथेच लोक फसतात. आयकराचे टप्पे बहुतेक ठिकाणी खिडक्यांसारखे नसतात. वरचा दर फक्त मर्यादेच्या वरच्या रकमेला लागतो, खालच्या पैशाला जुनाच दर राहतो. तेव्हा टप्प्याच्या भीतीने काम सोडणं म्हणजे निव्वळ नुकसान. पण काही मर्यादा खरोखरच त्या दहाव्या खिडकीसारख्या असतात. उलाढाल अमुक आकड्याच्या वर गेली की विक्रीवरच्या कराची नोंदणी सक्तीची होते, किंवा लहानांसाठीची सोपी योजना पूर्णच हातची जाते. तुझ्या आकड्याजवळ यातली कुठली मर्यादा आहे, हे सल्लागाराला वर्ष संपायच्या आत विचार. संपल्यावर तो फक्त फॉर्म भरू शकतो.

विक्रीवरच्या कराचं निघालंच आहे तर सांगते. गिऱ्हाइकाकडून बिलात घेतलेला कर तुझा नसतो, तू फक्त वसुली करतेस. खात्यात तो तुझ्याच पैशांत मिसळलेला दिसतो आणि माणूस त्यातून भाडं भरून मोकळा होतो. मूल्यवर्धित कर, म्हणजे विक्रीवरच्या कराचाच एक प्रकार, 1954 मध्ये फ्रान्सने आणला तेव्हापासून त्यातली सोय एकच आहे. आपण खरेदीवर भरलेला कर, विकताना वसूल केलेल्या करातून वळता करायचा. पण त्यासाठी खरेदीचं रीतसर बिल लागतं, विकणाऱ्याच्या नोंदणी क्रमांकासकट. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणणारा खरं तर तुझी दोन्हीकडची वजावट, विक्रीवरच्या करातली आणि आयकरातली, काढून घेत असतो.

खरी गळती कुठे असते सांगू? किरकोळीत. सॉफ्टवेअरची वर्गणी, बँकेचे आकार, कुरिअर, कामापुरता फोन आणि इंटरनेटचा हिस्सा, कर्जावरचं व्याज, सल्लागाराची फी. हे पैसे तू आधीच खर्च केलेले असतात, नोंद नसते एवढंच. मशिनमधून निघणारी गुळगुळीत पावती बघ. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात, आणि ऊन-दमटपणाने ती पुसतातही. पाकिटात चार-सहा महिने राहिली की तारीख, रक्कम फिकी होत जाते, आणि शेवटी दुकानाच्या नावाची नुसती सावली उरते. म्हणून घेतल्या घेतल्या फोटो काढ आणि पाठीमागे पेनाने लिही, कुठल्या कामासाठी. तपासणीत रक्कम बँकेतूनही सिद्ध होते, पण कशासाठी, हे दोन वर्षांनी तुलाही आठवणार नाही.

धंद्याचं खातं वेगळं काढलंस का? नसेल तर गाडीचा विषयसुद्धा नको. एकाच खात्यातून किराणा आणि कच्चा माल गेला की घरच्या भाजीबरोबर धंद्याचे चार खर्च हमखास गळतात. आणि जमा झालेल्या प्रत्येक रकमेतून कराचा अंदाजे हिस्सा त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात टाकत जा. आगाऊ कराचा हप्ता चुकला की व्याज लागतं, आणि ते व्याज खर्चातही धरता येत नाही.

पहिल्या वर्षी तुला तोटा झाला होता. बहुतेक ठिकाणी असा तोटा पुढच्या नफ्यातून वळता करता येतो, मात्र काही ठिकाणी त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं. तुझ्या यंदाच्या नफ्यातून तो वजा धरलाय का, ते आधी तपास. गाडीपेक्षा मोठी रक्कम तिथेच निघेल असा माझा अंदाज आहे, आणि खर्च शून्य.

बाबांना पगार दाखवायचं तुझं म्हणणं वाईट नाही. ते खरंच पोचवापोचवी करतात. पण बाहेरच्या माणसाला जेवढा दिला असतास तेवढाच दे, दर महिन्याला, बँकेतून, आणि कामाची नोंद ठेवून. नुसता कागदी पगार टिकत नाही. इंग्लंडमधला एक श्रीमंत उमराव, वेस्टमिन्स्टरचा ड्यूक, याने कर वाचवायला माळ्याचा पगार करारनाम्याने वार्षिक देणं म्हणून दाखवला आणि 1935 मध्ये न्यायालयाने ते मान्यही केलं. कायद्यात बसेल तसा कर कमी करणं हा प्रत्येकाचा हक्क, हे तेव्हापासून सगळे सांगतात. 1981 च्या रॅम्से या करबचतीच्या खटल्यानंतर तिथलीच न्यायालयं कागदांची अख्खी साखळी एकत्र बघू लागली, हे मात्र कमी जण सांगतात. ज्या व्यवहाराला कर वाचवण्यापलीकडे काही कारणच नाही, त्यावर सही करायच्या आधी मला फोन कर. आणि खोटी बिलं विकणारे भेटतील, त्यांच्याशी बोलूही नकोस. ती करबचत नाही, चोरी आहे, आणि ज्याच्याकडून बिल घेतलंस तो सापडला की यादीत पुढचं नाव तुझं.

या आठवड्यात गेल्या वर्षाचं विवरणपत्र आणि यंदाची बँकेची स्टेटमेंटं पाठव. किरकोळ खर्चाच्या ओळींवर मी पेन्सिलने खुणा करून देते, नोंदी तू कर. घसाऱ्याचा तक्ता सल्लागाराकडून मागून घे, जुन्या संगणकाचं नाव त्यात आहे का बघ.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई