सूचना: घाटात उतरण्याआधी मागचे ब्रेक तपासा

सर्व गाडीमालक आणि चालक सभासदांनी लक्ष द्यावे. पावसाळ्यात कसारा, खंबाटकी उतरायचे आहे, त्यामुळे मागच्या ड्रमचे ब्रेक या आठवड्यातच सेट करून घ्या.

गाडी सपाट जागेवर लावा, पुढच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा. एअर ब्रेकच्या टाकीत हवा पूर्ण भरू द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. हँडब्रेक लागलेला असताना केलेली सेटिंग फुकट जाते. स्लॅक ॲडजस्टरच्या (ब्रेकची ढिलाई कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) बोल्टवरची लॉक कॉलर, म्हणजे बोल्ट धरून ठेवणारी कडी, पान्याने आत दाबल्याशिवाय बोल्ट फिरत नाही. लायनर (ड्रमला घासणारी ब्रेकची पट्टी) ड्रमला टेकेपर्यंत बोल्ट आवळा, मग पाव ते अर्धा फेरा सैल करा. नेमके माप कंपनीच्या पुस्तकात बघा. काम झाल्यावर कॉलर परत बाहेर आली की नाही, हे बोटाने चाचपून पाहा. ती आत अडकली तर बोल्ट आपोआप सैल होतो. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

ऑटो (आपोआप सेट होणारा) स्लॅक ॲडजस्टर असेल तर दरवेळी पाना लावू नका. तो वारंवार ढिला पडत असेल तर दोष दुसरीकडे आहे, मेकॅनिकला दाखवा. लायनर रिव्हेटपर्यंत झिजले असतील तर आवळून उपयोग नाही, बदलाच.

आणि हो, डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी ही सूचना दोनदा वाचावी; न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवरच येतो.