पेटी बंद ठेवून घेतलेला तास

सांगली

प्रिय दोस्ता,

फोनवर मला मुद्दा धड सांगता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहायला बसलो. तू म्हणालास, शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी सोड, पुण्याला ये, साथीला चांगले पेटीवाले, म्हणजे हार्मोनियमवाले, मिळत नाहीत, माझ्या तबल्याबरोबर तुलाही कामं मिळतील. मी हिशेब मांडून पाहिला. पोट भरेल, प्रश्न तो नाही. तरी मी येत नाही. आणि गड्या, यात सेवाभाव वगैरे काही नाही. तसली भाषणं शिक्षकदिनाला ऐकतो तेवढी पुरेत.

शाळेचं रडगाणं तुला पाठ आहे. परिपाठाला राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत, मग प्रार्थना, आणि मैदानावरच्या भोंग्यातून येणारा पेटीचा आवाज म्हणजे सर्दी झालेल्या माणसाचा. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पहिली काही मुलं चपला काढून बसेपर्यंत जातात. स्कॉलरशिप परीक्षा जवळ आली की पहिला बळी संगीताचा. कोणी शिक्षक रजेवर गेला की तो ऑफ तास माझ्या गळ्यात. असो.

खरी गंमत आठवीच्या वर्गात आहे. सहावीपर्यंत सगळा वर्ग काळी चार या वरच्या पट्टीत एका आवाजात गातो. आठवीत मुलांचे आवाज फुटायला लागतात. वरचा सा लागत नाही, खाली उतरावं तर तळाला अजून आवाजच नाही. मग पोरं नुसती तोंडं हलवतात, आणि मागच्या बाकावर बसून एकमेकांना हसतात. बहुतेक ठिकाणी त्यांना ‘तुम्ही टाळ्या द्या’ म्हणून बाजूला बसवतात, आणि तिथेच गाणं सुटतं ते कायमचं. मी त्यांच्यासाठी भूप रागात एक चाल बांधली, मंद्र धैवतापासून मध्य पंचमापर्यंतच, म्हणजे खालच्या ‘ध’पासून मधल्या ‘प’पर्यंत, वर जाणं नाही. पट्टीही त्यांच्या गळ्यांवरून ठरवतो, कधी काळी एक, कधी पांढरी दोन. मुली वरून मूळ गाणं गातात, ही पोरं खालून तेवढे पाच सूर. अंगावर काटा येण्यासारखं काही होत नाही. पण तोंडं उघडतात.

आता ज्याच्यासाठी हे पत्र, ते. सातवीतली एक मुलगी भूप गाताना गांधार, म्हणजे ‘ग’, जरासा उतरा, खाली लावायची. पेटीवर मी ग जोरात धरला की गोंधळायची, भाता थांबला की पुन्हा आपल्या जागी. एकदा पेटी बंद केली आणि मोबाइलवरचा तंबोरा स्पीकरला लावला. तिचा गांधार त्यात असा मिसळला की वेगळा काढता येईना. चढी होती ती माझी पेटी! आपल्या पेटीतले बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले. पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा साधारण 14 सेंटनी वर, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. संगीत विशारदच्या लेखी परीक्षेला हे मी लिहून मार्क मिळवले होते. कानाला ते सातवीच्या पोरीनं दाखवलं.

आणि आपल्या गावाला हे नवीन नाही रे. इथल्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी, निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते ते, शंभर वर्षांपूर्वी याच फरकापायी श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांची, मापं काढली. जोडीला क्लेमंट्स नावाचा इंग्रज न्यायाधीश, आणि सूर तपासायला अब्दुल करीम खाँसाहेब. बावीस श्रुतींची पेटीसुद्धा करवून घेतली त्यांनी. चालली नाही, एवढ्या पट्ट्या वाजवणार कोण! पुढे 1940 साली रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते तीसएक वर्षं. आपण पेटीवाले अजून त्यावर दातओठ खातो. बंदी चुकीचीच होती, पण पेटीच्या सुरांबद्दलची तक्रार खोटी नव्हती, असं मी आता म्हणतो. आपल्या मंडळींत हे बोलून दाखवू नकोस, मला कोणी चहा पाजणार नाही.

परवा मिरजेला एका घरगुती बैठकीत एका गायिकाबाईंच्या साथीला होतो. विलंबित लयीत गांधारावर मुक्काम आला. पूर्वी मी तिथे ग धरून मागे उभा राहायचो. या वेळी बोट उचललं, नुसता षड्ज-पंचम, सा आणि प, ठेवला. बाईंनी मान वळवून बघितलं, आणि मुक्काम वाढवला. मध्यंतरात एवढंच म्हणाल्या, ‘मोकळं वाटलं.’ पुण्यात रोज कार्यक्रम करत राहिलो असतो तर हा प्रश्न पडायला सवड तरी मिळाली असती का? कार्यक्रमात कोणी पेटी बंद करून बघत नाही.

दुसरं कारण रुक्ष आहे. मी गेलो तर ही जागा भरली जाईल याची कोणी खात्री देत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कला शिक्षकाची सोय आहे, पण अंशकालीन, तीही सहावी ते आठवीला आणि पट शंभरावर असेल तरच. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून पालक क्लासला पोरं पाठवतात. ज्यांना क्लास परवडत नाही त्यांना फुटलेला आवाज घेऊन बसायला माझा तासच आहे.

तर सुट्टीतले आणि शनिवार-रविवारचे कार्यक्रम घे माझ्यासाठी, दौरे नकोत.

डिसेंबरात गॅदरिंग आहे. सगळ्या वर्गांना ट्रॅकवर नाच हवा आहे, पण आठवीचा पाच सुरांचा भूप मी मुख्याध्यापकांकडून मंजूर करून घेतलाय, आणि त्याला तबला तुझा हवा. येताना मिरजेलाच उतर. सतारमेकर गल्लीत माझा तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून सूर मोकळा करायला, दिलाय, तो घेऊनच ये. पैसे देऊ नकोस, मी दिलेत. आणि डग्गा जुना आण, शाळेच्या स्टेजवर उंदीर आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
पेटीवाला