काकूंची शुगर आणि तुझी धास्ती

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. काकूंची इतक्या वर्षांची शुगर, त्यात आता विसरणं, आणि नेमकं तुझ्या वाचनात आलं 'टाइप थ्री डायबेटिस', म्हणजे अल्झायमर हा मधुमेहाचाच तिसरा प्रकार. हबकलास यात नवल नाही. पण त्या नावाचा धसका घेऊ नकोस. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत इन्सुलिनचं काम बिघडलेलं दिसलं, म्हणून २००५ मध्ये अमेरिकेतल्या सुझान डी ला मॉन्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुचवलं. नाव चटकदार, म्हणून पसरलं. निदान म्हणून ते मान्य झालेलं नाही. मधुमेह नसलेल्यांनाही अल्झायमर होतोच की.

संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रॉटरडॅमच्या १९९९ च्या पाहणीत मधुमेहींना डिमेन्शियाचा, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाचा, धोका जवळपास दुप्पट दिसला. त्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. इन्सुलिन मोडणारं एन्झाइमच बीटा-अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, तेही मोडतं. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं तर दुसरं काम मागे पडत असावं, असा एक तर्क आहे. मला जास्त पटतात त्या रक्तवाहिन्या. मधुमेह डोळ्यांतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या खराब करतो, तो मेंदूतल्या सोडेल कशाला? मृत्यूनंतर तपासलेल्या मधुमेहींच्या मेंदूत अमायलॉइड जास्त असतंच असं नाही, पण छोट्या स्ट्रोकच्या खुणा बरेचदा जास्त सापडतात.

आता तुला जरा रागावतो. दिवसातून चार वेळा काकूंचं बोट टोचून आकडा शंभरच्या आत आणायचा तुझा हट्ट सोड. 'अ‍ॅकॉर्ड' नावाच्या मोठ्या चाचणीत एका गटाची साखर फार काटेकोर ठेवली होती. त्यांची स्मरणशक्ती काही जास्त टिकली नाही, उलट त्या गटात मृत्यू जास्त झाले. आणि म्हाताऱ्या माणसाची साखर एकदम खाली जाणं मेंदूला फार वाईट. काकू गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतात, किंवा गोळी घेऊन जेवायचंच राहतं, असं तूच लिहिलंयस. मला खरी भीती त्याची वाटते. वारांचे कप्पे असलेली डबी आण, भर तू, आणि गोळी समोर बसून दे. घाम, थरथर, अचानक असंबद्ध बोलणं दिसलं तर तो विसराळूपणा समजू नकोस, आधी साखर तपास. डॉक्टरांना स्पष्ट विचार, या वयात एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, किती चालेल? बहुतेक ते थोडी ढील देतील. गोळ्या मात्र तुझ्या मनाने कमी करू नकोस.

आणखी एक. काकू इतकी वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेताहेत ना? त्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं की विसरायला होतं, पायांना मुंग्या येतात. थायरॉइड कमी पडलं तरी विसरायला होतं. या दोन्ही तपासण्या झाल्याचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. अल्झायमरचा शिक्का मारण्याआधी त्या करून घे. कमी निघालं तर उपाय सोपा आहे. बीपी आणि कानांचंही बघून घे. ऐकू कमी आलं तरी माणूस हरवल्यासारखा वागतो.

रिपोर्ट आले की गोळ्यांच्या यादीसकट फोटो पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश