सागवानी खुर्च्या भंगारात देऊ नका

महोदय,

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर हल्ली तरुण जोडपी जुनी आरामखुर्ची शोधत हिंडताना दिसतात. माझी भाचीही त्यांतलीच. मला याचा फार आनंद वाटतो. वाईट वाटतं ते आमच्या गिरगावात जे चाललंय त्याचं. पुनर्विकासासाठी चाळी रिकाम्या होताहेत आणि तशाच सागवानी खुर्च्या ‘भाड्याच्या घरात मावणार नाहीत’ म्हणून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताहेत. भाची ज्या खुर्चीसाठी ओशिवऱ्यापर्यंत जाते, ती कदाचित आमच्याच जिन्यावरून उतरलेली असेल.

आमच्याकडे सासऱ्यांची आरामखुर्ची आहे. लांब हातांची, हातांखालच्या फळ्या बाहेर फिरवल्या की त्यांवर पाय टाकून पडता येतं. प्रत्येक सांधा एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू, म्हणजे कोरून काढलेलं टोक, बसवून केलेला, त्यामुळे इतके पावसाळे काढूनही ती कुरकुरत नाही. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर ओल लागली की कडांना फुगतं, मग सुतारही त्याला हात लावत नाही. मे महिन्यात फोमच्या सोफ्याला पाठ चिकटते. वेताच्या जाळीतून वारा खेळतो. जाळी फाटली तेव्हा कारागिराने गॅलरीत बसून नवी विणून दिली. वेत भिजवून ओलाच विणायचा, वाळताना तो आपोआप ताठ होतो. पण हा कारागीर सापडेपर्यंत आम्ही किती जणांना विचारलं असेल!

इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्चीही अशीच दुरुस्त होणारी. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांनी १८५९मध्ये काढलेला तिचा मूळ नमुना म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. मोडेल तेवढाच भाग बदलायचा.

माझी सोसायट्यांना विनंती आहे, घरं रिकामी करण्याआधी एखाद्या रविवारी जुनं फर्निचर पटांगणात मांडा, आसपासच्यांना बोलवा. घेणाऱ्यांनी खुर्ची उलटी करून जरूर पाहावी. बारीक भोकांतून ताजी भुकटी गळत असेल तर आत कीड आहे. आणि आपल्या वृत्तपत्राने वेत विणणाऱ्या, लाखेचं पॉलिश करणाऱ्या कारागिरांचे संपर्क, त्यांच्या संमतीने, विभागवार छापावेत. त्यांना काम मिळेल आणि आमच्यासारख्यांची शोधाशोध वाचेल.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई