डॉक्टर मॅडम, त्या ‘नाही’ बद्दल थँक्यू

मॅडम, टाके काढले त्या दिवशी घाईत नुसतं थँक्यू म्हणून निघाले, म्हणून आता नीट लिहितेय.

कॉलेजपासून फोटोत ओठ मिटूनच उभी राहायचे कारण हसलं की दात कमी आणि हिरड्याच जास्त दिसायच्या. तुमच्याआधी एका ठिकाणी मला सांगितलं होतं की लेझरने वीस मिनिटांत हिरडी कापू, विषय संपला, आणि मी तयारही झाले होते! तुम्ही मात्र आधी तोंडात तो पेनासारखा स्कॅनर फिरवलात, मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, काढलात आणि दोन्ही चित्रं स्क्रीनवर एकावर एक बसवून दाखवलंत, तेव्हा कळलं की माझे दात आखूड नाहीतच, दिसतात ८ मिमी पण आहेत साडेदहा, बाकीचे हिरडीखाली झाकलेत, आणि हाडही मूळ संपून दात सुरू होतो पार तिथपर्यंत खाली आलंय. हिरडीच्या कडेपासून हाड साधारण ३ मिमी तरी लांब हवं, नाहीतर नुसती कापलेली हिरडी परत वाढते, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि माझ्या दातांची ती थ्रीडी प्रिंट केलेली दोन मॉडेल्स! एक आत्ताचं, एक नंतरचं. नंतरच्यावरून साचा घेऊन तुम्ही माझ्या दातांवर आणि हिरडीवर ते पांढरं मटेरियल चढवलंत, मी आरशात बघितलं आणि लगेच म्हटलं अजून थोडं वर घ्या ना. तुम्ही सरळ नाही म्हणालात, सुळ्याच्या वरची जागा नखाने दाखवलीत, इथून पुढे मूळ उघडं पडेल, ठणकेल. तेव्हा राग आला होता, खरं सांगते.

ऑपरेशनच्या वेळी तो पारदर्शक गाइड, म्हणजे रेषा दाखवणारा साचा, दातांवर टक्कन बसला, एका कडेने हिरडी कुठवर कापायची आणि दुसरीने हाड कुठवर घासायचं, त्यामुळे अंदाजपंचे काही नव्हतंच. नंतर आठवडाभर मऊ भात आणि ते कडू माउथवॉश, त्याबद्दल मात्र थँक्यू नाही हं.

आधीचं मॉडेल मी मागून घरी आणलंय, शोकेसमध्ये ठेवलंय. आई रोज झाडताना ते भिंतीकडे तोंड करून ठेवते आणि मी रोज परत फिरवते.